गोळ्या सोडल्या की पोट सुधारतं म्हणे!

चाकावरची:
आपल्या मज्जारज्जूच्या दुखापतवाल्यांच्या ग्रुपवरची स्वावलंबी यांची परवाची पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल, खाली बदामांचा पाऊस पडलाय. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी सार: दुखण्याच्या गोळ्या म्हणजे पोटाची वाट, म्हणून मी सगळ्या एका दिवसात बंद केल्या, फायबर दुप्पट केलं, मन खंबीर केलं, आता पोट वेळेवर साफ आणि दुखणं "मी मनावरच घेत नाही".

डोकं फिरलं ते या शेवटच्या वाक्याने. मी डी-१० कम्प्लीट, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याशी मज्जारज्जू पूर्ण निकामी. बेंबीखाली चिमटा काढलात तर मला पत्ता लागणार नाही, पण तेच पाय रात्री असे जळतात की झोप कशाशी खातात ते विसरायला होतं. ही मनाची कमजोरी नाही हो. मज्जारज्जूला मार बसला की दुखापतीच्या वरच्या नसा आणि मेंदू आपलेआपण सिग्नल तयार करत बसतात, खाली पायाला काही होवो न होवो. प्रेगाबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीला २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारं सरकारी खातं) नेमक्या याच दुखण्यासाठी मान्यता दिली, ती काय मनाने कच्च्या लोकांची सोय म्हणून?

दुसरं ते "एका दिवसात बंद". त्या यादीत स्पाझमवरची (स्नायू आपोआप आखडतात त्यावरची) बॅक्लोफेनही होती असं त्यांनीच लिहिलंय. बॅक्लोफेन एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भास होतात, स्पाझम आधीपेक्षा जोरात उसळतात. प्रेगाबालिन, गॅबापेंटिनसुद्धा टप्प्याटप्प्याने उतरवायच्या असतात. इथे नवीन दुखापतवाले वाचतात, उद्या एखाद्याने तुमचं ऐकलं म्हणजे?

आणि फायबर. आपल्या आतड्याची चालच मंदावलेली, त्यात वरून भर घातली की माल सरकत नाही, नुसता साठतो, पोट फुगतं, वर गॅस. १९९६ मध्ये आपल्यासारख्यांना कोंडा देऊन पाहिला होता, मोठ्या आतड्यातून मल सरकायला वेळ कमी नाही, जास्त लागला. अभ्यास लहान होता, ठीक आहे, पण डोळे झाकून "दुप्पट करा" म्हणायला तेवढं तरी कुठे आहे तुमच्याकडे?

पोट की दुखणं असं निवडायचंच नसतं. माझं पोट तुंबलं की पाय जास्त जळतात, स्पाझम वाढतात, मग मी जास्त गोळी मागते, ट्रामाडॉल मिळते, आणि ट्रामाडॉलने पोट आणखी तुंबतं. हे कुठेतरी तोडायचं तर आधी बॉवेल प्रोग्रामची, म्हणजे पोट साफ करायच्या ठरलेल्या क्रमाची, वेळ पक्की करा, मग औषधांची अख्खी यादी डॉक्टरांपुढे टाका आणि विचारा यातली कुठली पोट बांधते. ब्लॅडरसाठीची ऑक्सिब्युटिनिनसुद्धा बांधते, तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. गोळ्यांवर राग काढणं सोपं आहे, म्हणून सगळे तेच करतात.

स्वावलंबी:
ताई, एवढा निबंध लिहायच्या आधी मला विचारलं असतं तरी चाललं असतं. मी माझा अनुभव लिहिला, कुणाला प्रिस्क्रिप्शन दिलं नाही. गोळ्यांनी मी दिवसभर गुंगीत असायचो, वजन वाढलं, पाय सुजले, ट्रान्सफर करताना (खुर्चीतून पलंगावर वगैरे सरकताना) तोल जायचा. हे तुमच्या एफडीएच्या कागदावर छापलेलं असतंच ना साइड इफेक्टमध्ये? आज मी जागा आहे, माणसांशी बोलतो. दुखतं, पण जागेपणी दुखतं. हा माझा निर्णय आहे आणि त्यात मला कुणाच्या रागाची गरज नाही.

हातमोजे:
रिहॅबमध्ये नर्स म्हणून बरीच वर्षं काढली आहेत म्हणून विचारते. स्वावलंबी दादा, तुमची लेव्हल काय, दुखापत कुठल्या मणक्याशी?

स्वावलंबी:
एल-२, कमरेचा दुसरा मणका. का?

हातमोजे:
मग झालं की! तुम्ही दोघं दोन वेगळ्या आतड्यांबद्दल भांडताय. चाकावरची यांचा रिफ्लेक्स शाबूत आहे, सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) आणि डिजिटलने (आत बोट फिरवून) आतडं स्वतः ढकलतं, त्यांना शी मऊ हवी, शी किती घट्ट ते सांगणाऱ्या ब्रिस्टल चार्टवर टाइप ४ च्या आसपास. तुमची दुखापत खालच्या नसांची, रिफ्लेक्सच नाही, स्फिंक्टर (गुदद्वाराचा स्नायू) सैल. तुमच्याकडे बोट फिरवून काही होत नाही, मॅन्युअलच काढावं लागतं आणि शी थोडी घट्ट असेल तरच ती मधल्या वेळेत गळत नाही. म्हणून तुम्हाला फायबर मानवलं. हाच सल्ला त्यांनी पाळला तर पोटाचा फुगा होईल, आणि त्यांचा सॉफ्टनर तुम्ही घेतलात तर खुर्ची रोज धुवावी लागेल.

चाकावरची:
वा. म्हणजे एल-२ वाल्याने स्वतःचा फॉर्म्युला अख्ख्या मज्जारज्जूला लावला. बरं, तुमच्यापुरतं फायबर मान्य, स्वावलंबी, अभिनंदन. "मनावर घेत नाही" मात्र अजिबात मान्य नाही.

मानेखाली:
सी-६, म्हणजे मानेतला सहावा मणका. तुमच्या जळजळीच्या चर्चेत आमच्यासारख्यांना पोट म्हणजे काय ते कुणी लिहीतच नाही. डी-६ च्या वरच्यांना तुंबलेलं पोट म्हणजे नुसता त्रास नसतो. एका संध्याकाळी डोकं असं ठणकायला लागलं की डोळे बाहेर येतील असं वाटलं, मानेच्या वर घाम, चेहरा लाल, खाली अंगावर काटा. तपासणाऱ्या डॉक्टरांनी बीपी १५० बघितलं आणि "थोडं वाढलंय, टेन्शन घेऊ नका" म्हणाले. अहो माझं रोजचं वरचं बीपी ९५ असतं! डिस्रिफ्लेक्सिया, म्हणजे दुखापतीच्या खाली काही अडलं की बीपी एकदम चढणं, हा शब्द मी त्यांना सांगितला. आडवं झोपवायला निघाले होते, मी ओरडून बसवायला लावलं, कपडे सैल केले, कॅथेटर पाहिला तर मोकळा, मग कळलं आत शीचा खडा अडकलाय. मज्जारज्जूच्या दुखापतींवर काम करणाऱ्या डॉक्टर गटमनने डिस्रिफ्लेक्सियाबद्दल १९४७ मध्ये लिहून ठेवलंय, आणि इतक्या वर्षांनी पेशंटने स्ट्रेचरवरून लेक्चर द्यायचं.

हातमोजे:
अगदी. आणि खडा दिसला म्हणून लगेच बोट घालू नका, त्यानेच बीपी आणखी चढतं. आधी बधिर करणारं लिडोकेन जेल आत लावून दोनेक मिनिटं थांबायचं, मग हळू. बीपी खाली येत नसेल तर ही इमर्जन्सी आहे, घरी बसून प्रयोग करायची वेळ नाही.

तिची_बाजू:
"मग हळू." कोण करणार हळू? तुम्ही सगळे "बोट फिरवायचं", "मॅन्युअल काढायचं" असं लिहिताय जणू बोट आपोआप येतं. नवऱ्याची दुखापत सी-७, हाताची पकड नाही, ते बोट माझं असतं. मी सकाळी ग्लोव्ह चढवते, जेल लावते, सपोझिटरी आतल्या भिंतीला टेकवून ठेवते (शीच्या गोळ्यात खुपसली तर ती तिथेच विरघळते आणि काही होत नाही, हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मी शोधलं), वाट बघते, पंधरा-वीस सेकंद बोट फिरवते, थांबते, परत. मग हात धुवून त्याच माणसासमोर बसून जेवते. रात्री तो माझा नवरा असायला हवा असतो. यावर कुणाचा १९९६ चा अभ्यास आहे का?

मानेखाली:
वहिनी, तुमचं दुःख समजतं, पण मी स्पष्ट बोलतो. घरच्या माणसाने हे करूच नये. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, तशातली गत होते. मी पहिल्यापासून बाहेरचा अटेंडंट ठेवला, बायकोला त्या खोलीत येऊ दिलं नाही.

तिची_बाजू:
अटेंडंट न सांगता गायब झाला की तुमच्या त्या खोलीत कोण जातं?

मानेखाली:
बायको जाते. पण ते अपवाद.

तिची_बाजू:
अपवादाची यादी तुमच्या बायकोकडून मागवा, मग बोलू.

दुसरा_मणका:
ताई बरोबर बोलतायत. माझी आई करायची, आणि मी चिडलो की तिच्यावरच ओरडायचो कारण लाज वाटायची. तिने एकदाही नाक मुरडलं नाही. पण आता तिची पाठ गेलीय, मला वळवता वळवता. आमच्या दुखण्याचे धागे निघतात, तिच्या पाठीचा कधी निघाला नाही.

चाकावरची:
विषय भरकटतोय पण भरकटू दे, मूळ विषयापेक्षा हा जास्त महत्त्वाचा वाटायला लागलाय. फक्त एक, मला हात आहेत, मी स्वतः करते, कमोड खुर्चीवर बसून, खाल्ल्यावर वीस-तीस मिनिटांनी, त्या वेळी आतड्याला आपोआप जोर येतो. डी-१० ला ते जमतं. सी-७ ला "स्वावलंबी व्हा" सांगणाऱ्यांनी जरा आपल्या बोटांकडे बघावं.

स्वावलंबी:
माझं नाव मी ठेवलंय ताई, ते काय टोमणा मारायला ठेवलेलं नाही.

पिशवीवाला:
एवढं रामायण कशाला? कोलोस्टोमी करून घ्या, पोटाला छिद्र पाडून शी बाहेर पिशवीत. मी घेतली. सकाळचे तास वाचले, बोट नाही, सपोझिटरी नाही, बायको मोकळी. लोक पिशवीच्या नावाने घाबरतात पण रोज कुणाच्या हातात स्वतःला सोपवण्यापेक्षा पिशवी कितीतरी बरी. डॉक्टर हा पर्याय सगळ्यात शेवटी सांगतात, तोवर माणसाची आणि घराची वाट लागलेली असते.

मानेखाली:
पोट फाडायचं? आधीच अंगाला छिद्रं कमी आहेत का?

पिशवीवाला:
छिद्राचं काय घेऊन बसलात, आयुष्याचं बघा. तुमचा अटेंडंट रजेवर जातो, माझी पिशवी जात नाही.

हातमोजे:
पिशवीवाले दादा, अर्धं सांगू नका. ऑपरेशननंतरही खालून चिकट स्राव येत राहतो, स्टोमाभोवतीची (पोटावरच्या त्या छिद्राभोवतीची) कातडी सांभाळावी लागते, हर्नियाचा धोका असतो. आणि दुखणं त्याने जाईलच असं नाही. पिशवीच्या आधी पाण्याचं इरिगेशन असतं की, गुदद्वारातून पाणी सोडून आतडं रिकामं करायचं. २००६ मध्ये ८७ जणांवर १० आठवडे नेहमीच्या पद्धतीशी तुलना करून पाहिलं, इरिगेशनवाल्यांची बद्धकोष्ठता आणि गळती दोन्ही कमी. आतडं फाटायचा धोका अगदी क्वचित, पण आहे, म्हणून शिकूनच सुरू करायचं.

पिशवीवाला:
बरं बाई, स्राव येतो. लिहायचं राहिलं. तरी परत विचारलंत तर परत करीन.

तिची_बाजू:
इरिगेशनचं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. उलट नवऱ्याला पातळ होत होतं तेव्हा जुलाब म्हणून पोट बांधणारी लोपेरामाइड लिहून दिली. मी म्हणत होते पोट कडक लागतंय, कुणी हात लावून बघेना. शेवटी एक्स-रेत कोपऱ्यापर्यंत भरलेलं निघालं, पातळ होतं ते खड्याच्या बाजूने झिरपत होतं. त्या सगळ्या काळात त्याचे हात एवढे दुखायचे की गोळीचा डोस वाढवला, आणि कारण पोटात बसलेलं! नर्सबाई, पातळ होतंय म्हणजे मोकळं होतंय असं नाही हे शिकवत नाहीत का तुमच्यात?

हातमोजे:
शिकवतात. लक्षात ठेवत नाहीत. यावर मी काय बचाव करू, नाही करत.

चाकावरची:
हेच मी वर लिहिलं होतं, पण माझं कुणी वाचलं नाही, कारण मी एक्स-रे जोडला नाही. दुखणं अचानक वाढलं की डोस वाढवायच्या आधी पोट बघा, लघवी बघा, बसायच्या जागी जखम आहे का बघा. आणि हे काहीच नसेल आणि वरवर चढतंय किंवा हाताची ताकद जातेय असं वाटलं तर एमआरआय मागा, मज्जारज्जूत पाण्याची गाठ होते कधीकधी, दुखापतीनंतर अनेक वर्षांनीसुद्धा.

स्वावलंबी:
आता सगळे एवढं बोललेच आहात तर सांगतो. "सगळ्या बंद" लिहिलं त्यात रात्रीची एक चालू आहे. अमिट्रिप्टिलीन. पण ती मी झोपेसाठी घेतो, दुखण्यासाठी नाही.

चाकावरची:
😂😂 अहो ती नसांच्याच दुखण्यावर देतात! आणि तिने पोट बांधतं. म्हणजे तुमची ती वेळेवरची घट्ट शी मन खंबीर केल्याने होते की त्या गोळीने, हे एकदा शोधा.

स्वावलंबी:
शोधतो. "एका दिवसात" हे शब्द पोस्टमधून काढलेत, बॅक्लोफेन डॉक्टरांना विचारून सोडावी असं वर घातलंय. समाधान? बाकी गुंगीबद्दलचं माझं म्हणणं तसंच आहे आणि त्यावर तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही.

चाकावरची:
गुंगीचं खरंय. प्रेगाबालिनवर मीही दुपारी वाक्य अर्धवट सोडते. म्हणून डोस कमी ठेवलाय आणि उरलेलं सोसते. पण सोसते, "मनावर घेत नाही" असं पोस्टर लावत नाही.

मानेखाली:
वहिनी, बायकोला विचारलं. यादी मोठी निघाली. पुढचं बोलणं घरातच झालं, इथे लिहीत नाही.

तिची_बाजू:
बरं झालं विचारलंत. आणि त्यांच्या पाठीचंही विचारा.

नवीन_इथे:
सगळं वाचलं, घाबरलो आहे. वडिलांची डी-४, उद्या घरी आणतोय. इतक्या भांडणात एक साधा प्रश्न, ग्लोव्ह कुठले घ्यायचे?

हातमोजे:
नायट्राइलचे. लॅटेक्स टाळा, वर्षानुवर्षं वापरून आपल्या पेशंटना त्याची ॲलर्जी होऊ शकते. आणि डी-४ म्हणजे वर मानेखाली यांनी लिहिलेलं डिस्रिफ्लेक्सियाचं सगळं तुम्हालाही लागू. रोजचं बीपी लिहून ठेवा, नाहीतर वाढलेलं कसं ओळखणार.

तिची_बाजू:
आणि नखं कापा आधी. ग्लोव्ह असला तरी.

पिशवीवाला:
किंवा माझ्या मार्गाने या.

तिची_बाजू:
दादा, त्यांना उद्या घरी तरी येऊ द्या!