डाईंग खात्यातील उष्मा, कमी पाणी आणि वाढलेले क्रिएटिनिन

प्रश्न (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

माझे थोरले बंधू येथील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात, डाईंग (सूत-कापड रंगवण्याच्या) खात्यात काम करतात. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीपार गेलेला असतो आणि आत गरम पाण्याच्या वाफेने कोंदटलेले असते. पाळी सुरू असताना ते पाणी जवळजवळ पीत नाहीत, जेवणाच्या सुट्टीत मात्र एकदम तांब्याभर पितात. लघवी कमी आणि गडद होते. कंबरदुखीसाठी ते बऱ्याचदा डायक्लोफिनॅकची गोळी घेतात. वय चाळिशीच्या आत आहे. मधुमेह वा रक्तदाब नाही, तरीही परवाच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) १.५ आले. याचा उष्णतेशी संबंध असू शकतो का, आणि पाणी नेमके किती व कसे प्यावे?

उत्तर १ (वैद्यकीय व्यवसाय, सोलापूर)

संबंध असू शकतो. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. घामावाटे पाणी कमी झाले की हा पुरवठा घटतो, आणि अशा वेळी मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या खुल्या ठेवणारी शरीराची जी व्यवस्था असते, तीच डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रोखून धरतात. त्यामुळे ही गोळी आधी थांबवावी आणि कंबरदुखीसाठी दुसरा उपाय डॉक्टरांना विचारावा, असे मी आग्रहाने सांगेन.

काम सुरू असताना दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिली पाणी घ्यावे. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नये, कारण रक्तातील सोडियम घसरणे हेही धोक्याचे असते.

मधुमेह व रक्तदाब नसताना मूत्रपिंडे निकामी होण्याचा आजार मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर आणि निकाराग्वा येथील ऊसतोड कामगारांत मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. त्याच्या कारणांबद्दल अद्याप वाद असला, तरी उष्म्यातील कष्ट आणि वारंवार होणारे निर्जलीकरण यांचा त्यात मोठा वाटा मानला जातो. तो टाळण्याच्या तेथील प्रयत्नांचा भर केवळ पाण्यावर नाही. सावली आणि ठरलेली विश्रांती यांनाही तितकेच महत्त्व दिले जाते. एका अहवालावरून बंधूंना मूत्रपिंडाचा जुनाट आजार आहे असे ठरवता येणार नाही, कारण त्यासाठी बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकलेला दिसावा लागतो. फेरतपासणी, लघवीतील प्रथिनांची चाचणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी.

उत्तर २ (बांधकाम ठेकेदार, जुळे सोलापूर)

कामगाराने पाणी प्यावे असे सांगणे सोपे आहे, पण पाणी दोन मजले खाली असेल तर तो दर वीस मिनिटांनी उतरणार नाही. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने आम्ही जार मागवतो आणि ते कामाच्या जागेपर्यंत पोहोचवतो. मे महिन्यात स्लॅबचे काम पहाटे सुरू करून दुपारी बंद ठेवतो. नव्या माणसाला पहिला आठवडा हलके काम द्यावे, कारण शरीर उष्म्याला सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. आणखी एक गोष्ट फार कमी बोलली जाते: जिथे स्वच्छतागृह नाही, तिथे स्त्रिया मुद्दाम पाणी टाळतात. ती सोय करणे ही मालकाचीच जबाबदारी आहे.

उत्तर ३ (औषधविक्रेते)

ओआरएसची मोठी पुडी बरोबर एक लिटर पाण्यातच विरघळवावी. चव येण्यासाठी कमी पाण्यात घट्ट करू नये. नियमित जेवणाऱ्या माणसाला तासन् तास घाम गाळल्यावरच तिची गरज भासते, एरवी साधे पाणी पुरते. गोड शीतपेयांवर तहान भागवू नये. ज्यांना उच्च रक्तदाब आहे त्यांनी मीठ घातलेले ताक वारंवार पिऊ नये, आणि ज्यांना मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी वरील मोजमाप लागू करू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. फेरतपासणीसाठी रक्त पाळी सुटल्यावर द्यावे की सुट्टीनंतर?

उत्तर १

साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, कामावर जाण्यापूर्वी द्यावे. आदल्या दिवशी नेहमीसारखे पाणी प्यावे. तोवर लघवी चहासारखी तांबूस-काळसर झाली किंवा होईनाशी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतावे आणि वारा घालावा.