क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवून सफारी: मार्ग आणि मुक्कामाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या जुलैत दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरतंय. मी, नवरा, सात वर्षांची लेक आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. आम्हाला सवय ताडोब्याची: जिप्सी, गाईड, ठरलेली फेरी. इथे गाडी आपणच चालवायची आणि प्राणीही आपणच शोधायचे, म्हणून जरा धाकधूक आहे.

विमान सकाळी साडेदहाला जोहान्सबर्गला उतरतं. तिथून भाड्याची गाडी घेऊन थेट सतारा कॅम्प गाठायचा विचार आहे. नकाशा सहा तासांच्या आसपास दाखवतोय. (बाबा मूळचे साताऱ्याचे, त्यामुळे हा कॅम्प वगळायची सोय नाही!) जमेल का? साधी सेडान चालेल की उंच गाडी घ्यावी? आईला मधुमेह आहे, वरचेवर बाथरूमला जावं लागतं आणि आत गाडीतून उतरायला बंदी, त्याचं काय करतात? आम्ही शाकाहारी आहोत. मलेरियाच्या गोळ्या घ्याव्या लागतात का?

प्रतिसाद:
पहिल्या दिवशी सतारा नकोच. इमिग्रेशन आणि गाडीचे सोपस्कार उरकून निघायलाच साडेबारा वाजतील आणि जुलैत उद्यानाचे दरवाजे संध्याकाळी साडेपाचला बंद होतात. ऑर्पेन या उद्यानाच्या दरवाज्यापासून सतारा आणखी ४८ किमी. आत डांबरी रस्त्यावर ताशी ५० ची मर्यादा, कच्च्यावर ४०. कॅम्पला उशिरा पोचलात तर दंड.

त्यापेक्षा एन-४ महामार्गाने या आणि पहिली रात्र मालेलाने किंवा कोमाटीपोर्टला, उद्यानाबाहेर काढा. सकाळी सहाला दरवाजा उघडला की आत शिरून लोअर साबी कॅम्पला दोन रात्री राहा. जुलै म्हणजे कोरडा हिवाळा. पाणवठे आटतात, गवत बसतं आणि जनावरं साबी नदीवर येतात. लोअर साबी ते स्कुकुझा कॅम्प हा नदीकाठचा रस्ता मी तरी कितीही वेळा करेन. कॅम्पशेजारच्या सनसेट डॅमवर पाणघोडे आणि मगरी गाडीत बसूनच दिसतात, आई-बाबांना उत्तम. मग त्शोक्वाने या पिकनिकच्या जागेमार्गे सतारा. अंतर नव्वदेक किमी, पण दिवस सगळा त्यातच जातो. सताराच्या माळरानात सिंहांसाठी पहाटे एस-१०० या कच्च्या रस्त्याला लागा.

प्रतिसाद:
सेडान चालते, पण पाच माणसं, बॅगा आणि गुडघ्यांचा विचार करता उंच गाडी बरी. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, तेवढी मर्यादा कार्डावर हवी.

बाथरूमची चिंता नको. न्कुहलू, त्शोक्वाने अशा पिकनिकच्या जागी उतरता येतं, स्वच्छतागृहं असतात. मात्र दोन थांब्यांमधलं अंतर आदल्या रात्री बघून ठेवा. माकडं टपलेली असतात, खाऊ उघडा ठेवू नका. एकटा नर हत्ती दिसला आणि कानशिलावरून स्राव ओघळत असेल तर तो माजावर आहे. लांबूनच गाडी मागे घ्या, फोटो राहू दे.

जेवणासाठी स्वयंपाकाची सोय असलेला बंगला घ्या आणि तांदूळ-डाळ-भाजी एन-४ वरच्या म्बोम्बेला शहरातून भरून घ्या. हिवाळ्यात डास कमी, पण भाग मलेरियाचाच. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, आईंच्या चालू औषधांसकट. जुलैत तिथल्या शाळांना सुट्टी असते, बुकिंग आजच बघा.

धागाकर्ती:
खूप आभार! सतारा आता चौथ्या रात्रीवर गेलं, बाबा किंचित नाराज. लेकीला उघड्या गाडीतून, उद्यानाच्या माणसांबरोबर संध्याकाळची फेरी करता येईल का? आणि परतीला ऑर्पेनने बाहेर पडून ब्लाइड रिव्हर कॅन्यन बघत त्याच रात्रीचं विमान पकडता येईल?

प्रतिसाद:
फेरीला सहा वर्षांखालची मुलं घेत नाहीत, तुमची लेक बसेल. जाकीट आणि कानटोपी घ्या, अंधार पडल्यावर वारा झोंबतो. कॅन्यन जरूर करा, पण विमान दुसऱ्या दिवशीचं घ्या आणि रात्र ग्रास्कोप गावात काढा.