३१ डिसेंबरची पार्टी आणि माझे नऊ महिने

अंबड_सेकंडशिफ्ट:
नमस्कार मंडळी. वय ४३, एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे आमच्याकडच्या रंगाच्या हौदात, धप्पा मारला (उडी घेतली) आणि त्यानंतर मित्रांबरोबर प्यायला बसलो, ती शेवटची. नऊ महिने झाले, थेंब नाही.

आता साडूने ३१ ला गिरणाऱ्याच्या पुढे फार्महाऊस घेतलंय. दोन्ही घरं, शिवाय त्याचे मित्र. दिवाळीत मी 'अँटिबायोटिक चालू आहे' म्हणून निभावलं. या वेळी तो म्हणतो, वाइन तरी घे, द्राक्षाचा रस तो, नाशिककर ना तू! बायको म्हणते जायचंच नाही. पोराला जायचंय. एक मित्र म्हणाला, दारू सोडायची गोळी मिळते, सकाळी एक टाक म्हणजे घ्यायची हिंमतच होणार नाही. टाकू का?

पंचवटीचा_काका:
मी अल्कोहोलिक, एएमध्ये, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये (दारू सोडणाऱ्यांचा गट), १४ वर्षं. आधी तुझ्या साडूचा रस मोजू. वाइनमध्ये १२-१३ टक्के अल्कोहोल. १५० मिलीच्या ग्लासात १८-१९ मिली झालं. व्हिस्कीच्या ४५ मिलीत, म्हणजे दीड छोट्या पेगात, तेवढंच असतं. रस म्हणे!

दुसरं, अँटिबायोटिक. पाच दिवसांचा कोर्स तू दिवाळीपासून ओढतोयस. संक्रांतीला काय सांगशील? खोटं कारण संपलं की समोरचा ग्लास भरतोच, त्याचं काही चुकत नाही. 'मी सोडली' एवढंच सांग, आणि आधी फोनवर सांग. चारचौघांत, हातात ग्लास देताना सांगायची वेळ आणू नकोस.

माझ्या पहिल्या ३१ ला मला धास्ती होती बाराची. घोळ झाला सव्वाआठला. सकाळपासून पोटात अन्न नाही, समोर कांदा-लिंबू मारलेले शेंगदाणे आले, आणि माझा उजवा हात टेबलावर आपोआप ग्लास चाचपडायला लागला. ग्लास नव्हताच तिथे! उठलो, बाहेर थंडीत येऊन स्पॉन्सरला, म्हणजे एएमधल्या माझ्या जुन्या सोबत्याला, फोन लावला. तेव्हा घरून भाकरी खाऊन जा, आणि गाडी स्वतःची ने. नंबर मेसेजमध्ये पाठवलाय.

औषधवाला_नाशिकरोड:
ती गोळी बहुतेक डायसल्फिराम. मनाने अजिबात घेऊ नका. दारू शरीरात मोडताना ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, ते पुढे मोडू न देणं हे तिचं काम. वर दारू गेली की चेहरा लाल, उलट्या, धडधड, बीपी खाली. हृदयाचा त्रास असेल तर जिवावर बेततं. आणि एक दिवसाचा खेळ नाही हा, शेवटच्या गोळीनंतर १४ दिवसांपर्यंत रिॲक्शन येऊ शकते. रम घातलेला केकसुद्धा चालत नाही. आधी तपासण्या, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली. काही बायका नवऱ्याच्या आमटीत गुपचूप घालतात, हात जोडून सांगतो, नका घालू.

जाता जाता, रोज भरपूर पिणारा कुणी वाचत असेल तर त्याने १ तारखेचा संकल्प म्हणून घरच्या घरी एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते. सरकारी हेल्पलाइन आहे, १४४४६, फुकट.

सिडकोची_वहिनी:
दादा, बायको नको का म्हणते विचारलंत का? मी स्कूटरच्या स्टँडच्या आवाजावरून ओळखायचे, किती झालीय. एका झटक्यात लागला तर ठीक. दोनदा घसरला की पोरांना आतल्या खोलीत पाठवायचे. ह्यांनी सोडून सहा वर्षं झाली, अजून स्टँड वाजला की हातातलं काम थांबतं. तिला सांगा, ती म्हणेल त्या मिनिटाला निघू. आणि निघा, केक कापायचा राहिला तरी.

अंबड_सेकंडशिफ्ट:
गोळी रद्द. साडूला आत्ता फोन केला, स्पीकरवर. म्हटलं, सोडलीय, रंगपंचमीपासून. तो गप्प. मला वाटलं कट झाला. मग म्हणाला, "मग भरीत तुझ्याकडे. मागच्या वर्षी आमच्याकडून वांग्यांचा कोळसा झाला होता."

बायको शेजारी मेथी निवडत होती. मान वर केली नाही तिने, पण काड्या पानांतच टाकायला लागली होती.

काका, सव्वाआठला फोन करतो. तिकडे रेंज धड नसते, पण गिरणाऱ्यापर्यंत मागे यावं लागलं तरी येईन.