गॅदरिंगला ‘झोरो’मधला मेणबत्ती कापायचा प्रसंग: कसा बसवायचा?

तापीकाठ (चोपडा)
राम राम मंडळी. ‘द मार्क ऑफ झोरो’ (1940) या सिनेमातला मेणबत्तीचा प्रसंग आणि त्यानंतरची तलवारबाजी नववीच्या मुलांकडून बसवून घ्यायची आहे. स्टेज उघड्या मैदानात, 20 बाय 15 फूट. शेवटची रांग साधारण 60 फुटांवर. वार केला की अख्खी मेणबत्तीच आडवी होते, आणि बांबूच्या तलवारी दोन तालमींत चिरतात. उपाय सांगा.

पडद्यामागे (जळगाव)
भाऊ, आयडिया भारी शे. खलनायक कॅप्टन पास्क्वालेच्या (बॅझिल रॅथबोन) वाराने मेणबत्तीचा शेंडा उडतो. डिएगो, म्हणजे मुखवट्यामागचा झोरो (टायरोन पॉवर), वार करतो तेव्हा मात्र काहीच हलत नाही, ज्योतही नाही. पास्क्वालेला वाटतं नेम चुकला. मग डिएगो वरचा जळता तुकडा शांतपणे उचलून दाखवतो. सगळी मजा त्या न हलण्यात आहे, म्हणून दोन्ही मेणबत्त्या वेगळ्या बनवा.

खऱ्या मेणबत्त्या नकोतच. मैदानात वारा असतो, आणि उडालेला जळता तुकडा पडद्याजवळ गेला तर? दीड इंची पांढरा पीव्हीसी पाइप घ्या, फूटभर लांब. वरून 4 इंचांवर हॅक्सॉने सरळ कापा, तिरका काप असेल तर तुकडा आपोआप घसरतो. वर बॅटरीचा दिवा बसवा. खालचा भाग लाकडी पाटावर स्क्रूने घट्ट करा. तुमची मेणबत्ती आडवी होते ती बूड मोकळं असल्यामुळेच.

पास्क्वालेचा तुकडा नुसता टेकवून ठेवायचा, तलवारीच्या सपाट बाजूने हलकी टिचकी पुरे. डिएगोच्या तुकड्याला आतून कागदाची गुंडाळी द्या, म्हणजे तो डगमगत नाही. त्याची तलवार पाइपला लागतच नाही. पाइपच्या मागून, प्रेक्षकांच्या विरुद्ध बाजूने जाते. समोरून आरपार गेल्यासारखी दिसते. बाजूला बसलेल्यांना फट दिसते, म्हणून पाट स्टेजच्या मधोमध ठेवा.

वारानंतर मनात चार आकडे मोजून मगच उचलायचं. मुलं घाई करतात आणि सगळा परिणाम जातो.

भरीतपुरी (धुळे)
तलवारींचं सांगतो. बांबू सोडा. 25 बाय 6 मिमीची अ‍ॅल्युमिनियम पट्टी, मूठ धरून 85 सेंमी. टोक गोल घासा, कडा कानशीने बोथट करा. धातूवर धातू आपटला की खाचा पडून बारीक कुसं निघतात, हात फाटतो. प्रत्येक तालमीनंतर बोट न लावता कापड फिरवून बघा. अडकलं तर पुन्हा कानस.

अंतर असं ठेवा की हात पूर्ण ताणला तरी टोक समोरच्याच्या छातीपासून वीतभर लांब राहील. वार खांद्याच्या बाहेर, डोक्याच्या उंचीवर कधीच नाही. अडवणारा आधी हलतो, मारणारा त्याच्यामागून. उलटं केलं की बोटं चेचतात.

सिनेमात फ्रेड कॅव्हन्स या तलवारगुरूने एकेक वार आखून दिला होता. तुम्हीही 8 वारांचे तीनच तुकडे बसवा, आठवडाभर हळू मोजत, शेवटी पाऊण वेगाने. पूर्ण वेग नकोच. याच कथेच्या 1920 च्या मूकपटात डग्लस फेअरबँक्स उड्या मारत फिरतो, ते बघून मुलं टेबलावर चढायला जातील. आधीच सांगून ठेवा.

तापीकाठ
दोघांचे आभार. शेवटचा ‘झेड’, म्हणजे झोरोची खूण, कशी दाखवायची?

पडद्यामागे
सिनेमात पास्क्वाले भिंतीला आपटतो, वरची तसबीर पडते आणि मागे कोरलेला ‘झेड’ दिसतो. फ्लॅटवर (भिंत म्हणून उभ्या केलेल्या रंगवलेल्या चौकटीवर) आधीच 2 फुटी ‘झेड’ रंगवून ठेवा, त्यावर पुठ्ठ्याची तसबीर एका खिळ्यावर. दोरी विंगेतून ओढा. मुलाच्या धक्क्यावर विसंबू नका, फ्लॅटच पडेल.