सिक्स्थ ग्रेडमधल्या मुलीला ख्रिश्चन समर कँपला पाठवायचंय, आधी काय काय विचारू?

प्रेषक: एक आई

नमस्कार मंडळी,

मुलीची शाळेतली जिवलग मैत्रीण दर जुलैमध्ये एका ख्रिश्चन ओव्हरनाइट कँपला जाते आणि यंदा आमच्या बाईंनीही हट्ट धरलाय की मला तिच्याच केबिनमध्ये राहायचंय. तळं आहे, कयाक आहे, घोडे आहेत, आर्चरी आहे, म्हणजे या वयाला हवं ते सगळं आहे. पण वेबसाइटवर रोज बायबल स्टडी आणि रोज संध्याकाळी वर्शिप असंही लिहिलंय. आम्हाला कुठल्याच धर्माचं वावडं नाही, ख्रिसमसला तिच्या मैत्रिणीच्या चर्चमध्ये आम्ही सगळे जाऊन आलोय, पण आठवडाभर आईवडलांशिवाय, फोन नाही, आणि रोज तेच कानावर पडणार म्हटल्यावर मनात धाकधूक होतेच. सासूबाई ऐकूनच घाबरल्या, नवरा म्हणतो पाठव बिनधास्त, आणि मी मधल्यामध्ये. जागा पटापट भरतात आणि डिपॉझिट परत मिळत नाही, त्यामुळे पैसे भरायच्या आधी ठरवायचंय. कुणी पाठवलंय का? काय विचारायचं असतं कँपवाल्यांना?

प्रेषक: शाळा समितीतल्या ताई

अगं, आमची दोन्ही मुलं गेलीत, एक दोन उन्हाळे आणि एक अजूनही जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट म्हणजे सगळे ख्रिश्चन कँप सारखे नसतात, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांना ते सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. वायएमसीए म्हणजे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, नावातच ख्रिश्चन आहे, ती संस्था १८४४ मध्ये लंडनला सुरू झाली तीच प्रार्थना आणि बायबलच्या अभ्यासासाठी, पण आज त्यांच्या बहुतेक कँपमध्ये जेवणाआधी दोन ओळींची प्रार्थना किंवा सकाळी एखादा चांगला विचार एवढंच असतं. मेथडिस्ट, लुथरन, एपिस्कोपल अशा चर्चचे कँप असतात तिथे रोज चॅपल, म्हणजे छोटी प्रार्थनासभा, असतं पण सूर बऱ्याचदा मोकळा असतो. आणि इव्हँजेलिकल कँप असतात, तिथे मुलांनी येशूला स्वीकारावं हाच कँपचा मुख्य हेतू असतो आणि ते तो लपवत नाहीत. वेबसाइटवर 'स्टेटमेंट ऑफ फेथ', म्हणजे कँपवाले काय मानतात ते सांगणारं, एक पान असतं, बहुतेक वेळा 'अबाउट अस'च्या खाली, ते आधी वाच. बाकी सगळ्या पानांवर घोडे आणि तळ्याचे फोटो असतात, पण काउन्सेलर रात्री केबिनमध्ये काय बोलणार ते या एका पानावरून कळतं.

दिवस साधारण असा जातो. सकाळी उठून थोडा वेळ एकटं बसून बायबल वाचायचं, मग नाश्ता, मग दुपारपर्यंत खेळ, जेवणानंतर झोप किंवा पत्र लिहिणं, परत खेळ, पोहणं, संध्याकाळी गिटार घेऊन गाणी आणि कुणीतरी बोलणार, आणि दिवे मालवायच्या आधी केबिनमधल्या सगळ्या मुली गोल बसून बोलतात, आज काय वाटलं वगैरे. खरं सांगू का, मुलांवर परिणाम करतो तो हा शेवटचा अर्धा तास, चॅपलमधलं भाषण नाही. काउन्सेलर म्हणजे कॉलेजमधली एकोणीस वीस वर्षांची मुलगी असते, मुलांना ती देवासमान वाटते, ती जे बोलेल ते खरं.

आणि शेवटच्या किंवा आदल्या रात्री कँपफायर असतो, तो मात्र नीट समजून घे. माझ्या मोठीच्या कँपमध्ये त्या रात्री प्रत्येकाच्या हातात एक काडी दिली होती, ज्याला येशूला आयुष्य द्यायचंय त्याने पुढे येऊन ती काडी आगीत टाकायची. अंधार, गाणं चालू, आठवडाभरात झालेल्या मैत्रिणी रडतायत, एकेक जण उठून जातेय. बारा वर्षांच्या मुलीने तिथे एकटीने बसून राहायचं म्हणजे सोपं नाही गं. आम्ही तिला आधी सांगून ठेवलं होतं की असं होईल, तू बसून राहिलीस तरी चालेल, तुला उठावंसं वाटलं तरी आम्ही रागावणार नाही, घरी येऊन मोकळेपणाने सांग. ती बसून राहिली, शेजारी अजून दोघी बसल्या होत्या म्हणाली, आणि काउन्सेलरने तिला एका शब्दानेही टोकलं नाही. पण हे आधी माहीत नसतं तर तिला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटलं असतं. म्हणून डायरेक्टरला सरळ फोन करून विचार, आम्ही हिंदू आहोत, मुलगी सगळ्या कार्यक्रमांना बसेल, गाणी म्हणेल, पण पुढे यायचं आवाहन कराल तेव्हा नाही आली तर तुम्ही काय करता? चांगला डायरेक्टर या प्रश्नाला अजिबात बिचकत नाही. उत्तर देताना कुणी चाचरलं किंवा 'बघू, सगळं छान होतं' असं गुळमुळीत बोललं तर दुसरा कँप बघ.

इतर मुलांचं पण बोलून ठेव. कँपवाले काही म्हणत नाहीत पण केबिनमधली एखादी मुलगी पटकन म्हणते की तुम्ही येशूला मानत नाही म्हणजे तुम्ही नरकात जाणार. तिला तिच्या घरी तेच शिकवलेलं असतं, ती वाईट मुलगी नसते. आपल्या मुलीकडे एक छोटं उत्तर तयार हवं, 'आमच्या घरी वेगळी प्रार्थना करतात', आणि विषय बदलायचा. गळ्यात ॐचं लॉकेट, हातात धागा असेल तर असू दे, फक्त कुणी विचारलं तर तिला दोन वाक्यं सांगता आली पाहिजेत. हे सगळं घरी जेवताना चार वेळा बोललं गेलं ना की मुलं घाबरत नाहीत.

जेवणाचं: शाकाहारी आहे असं फॉर्मवर लिहून भागत नाही, किचनला फोन करावा लागतो, कारण कित्येक ठिकाणी शाकाहारी म्हणजे रोज ग्रिल्ड चीज आणि सॅलड. आणि कँपफायरला भाजतात त्या मार्शमेलोमध्ये जिलेटिन असतं, बहुतेक वेळा डुकराचं, ते जेलीमध्येही असतं. चालणार नसेल तर विगन मार्शमेलोचं पाकीट आधी विचारून सोबत दे, नाहीतर सगळ्यांच्या हातात काडी आणि आपलं पोर नुसतं बघत बसणार.

प्रेषक: क्वायरवाले काका

ताईंनी छान लिहिलंय. आम्ही मराठी ख्रिस्ती, नगरकडचे, लहानपणी घरात रेव्हरंड टिळकांची भजनं टाळ-पेटीवर ऐकत वाढलो, त्यामुळे इथल्या कँपची गिटार आणि स्मोक मशीन आम्हालाही सुरुवातीला परकीच होती. मी आमच्या चर्चच्या कँपला बरीच वर्षं स्वयंपाकाला आणि सामान वाहायला जातो, म्हणून दुसऱ्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

आजींना जी भीती वाटतेय ती बाप्तिस्म्याची असणार. ताई, तेही विचारायला लाजू नका. काही कँपमध्ये आठवड्याच्या शेवटी तळ्यात बाप्तिस्मा देतात. आमच्याकडे आईवडलांशी बोलणं झाल्याशिवाय आणि लेखी संमतीशिवाय कुणा मुलाला पाण्यात नेत नाहीत आणि माझ्या मते कुणीच नेऊ नये. तुमच्या कँपचा नियम काय ते ईमेलवर लिहून मागा, म्हणजे आजींना वाचून दाखवता येईल. कँप कॅथलिक असेल तर मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, असेल, त्यात भाकर वाटतात ती फक्त कॅथलिकांनी घ्यायची असते, बाकीच्यांनी जागेवर बसून राहावं किंवा रांगेत गेलं तर दोन्ही हात छातीवर आडवे घ्यावेत, मग फादर नुसता आशीर्वाद देतात. मुलीला हे माहीत नसेल तर ती सगळ्यांबरोबर हात पुढे करेल आणि मग सगळ्यांनाच अवघड होतं.

आणि एक मनापासून सांगतो. तिथे जो प्रार्थना करतो, ज्याला मुलांसाठी काही करायचंय, त्याची श्रद्धा खरी असते. मुलीला 'त्यांचं ऐकू नकोस' असं सांगून पाठवू नका, आठवडाभर ती अंग चोरून बसेल. ऐक, आदराने बस, पटलं नाही तर नाही म्हण, एवढं पुरतं. आणि ते सुद्धा तुम्हाला नको वाटत असेल तर नका पाठवू, सरळ दुसरा कँप शोधा, त्यात कुणाचा अपमान नाही.

प्रेषक: नर्स ताई

धर्माचं सगळं झालं, आता तब्येतीचं. एका कँपच्या हेल्थ केबिनमध्ये मी आठवडाभर काम करते तेव्हा रविवारी चेक-इनला दरवेळी तेच ते होतं, म्हणून लिहितेय.

डॉक्टरची सही असलेला हेल्थ फॉर्म आणि लसींची नोंद आत्ताच मागवून घ्या, मे-जूनमध्ये पीडियाट्रिशियनची अपॉइंटमेंट मिळत नाही. सगळी औषधं मूळ डबीत, फार्मसीच्या लेबलसकट, नर्सच्या हातात द्यायची, मुलीच्या बॅगेत नाही. यात व्हिटॅमिन पण आलं. आपल्याकडून येतात त्या बिनलेबलच्या होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या आणि पुडीतलं चूर्ण मी घेऊ शकत नाही, मग आया नाराज होतात. इनहेलर, एपिपेन (अ‍ॅलर्जीचं तातडीचं इंजेक्शन) मुलीजवळ राहू शकतं का ते आधी विचारा. चेक-इनला केसांत उवा बघतात, आपल्या मुलींचे केस लांब असतात तर आदल्या रात्री घरीच बघून घ्या, नाहीतर सगळ्यांसमोर रडारड होते. पाळी आली नसेल तरी पॅड आणि जास्तीचे कपडे एका छोट्या पिशवीत द्या आणि कुणाला सांगायचं ते समजावा.

पहिल्या दिवशी पोहण्याची टेस्ट असते, त्यावरून हाताला रंगीत बँड बांधतात आणि तळ्यात कुठवर जायचं ते ठरतं. मुलगी फक्त पूलमध्ये पोहलेली असेल तर तिला सांगा की तळ्याचा तळ दिसत नाही, पायाला शेवाळ लागतं. येत नसेल तर येत नाही असंच फॉर्मवर लिहा!

घरची आठवण येणं अगदी नॉर्मल आहे, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. 'रडू आलं तर मी लगेच न्यायला येते' हे वचन मात्र देऊ नका, मग पोर त्याचीच वाट बघत बसतं. पत्ता लिहिलेली, स्टॅम्प लावलेली पाकिटं सोबत द्या, आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांना पत्ता कुठे लिहायचा तेच माहीत नसतं.

प्रेषक: दोन मुलींचा बाबा

मी फक्त सेफ्टीबद्दल लिहितो कारण त्यावर कुणी बोललं नाही. ४ जुलै २०२५ ला टेक्सासमध्ये ग्वाडलूप नदीला रात्रीत पूर आला आणि कँप मिस्टिक या मुलींच्या ख्रिश्चन कँपमधल्या २७ कँपर आणि काउन्सेलर गेल्या. १९२६ पासून चालू असलेला नावाजलेला कँप, पिढ्यानपिढ्या मुली जायच्या. त्यानंतर टेक्सासने पूररेषेतल्या केबिनवर बंदी घालणारे कायदे केले पण प्रत्येक स्टेटचे नियम वेगळे आहेत, म्हणून आपणच बघायचं. कँपचा पत्ता फेमाच्या (सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) फ्लड मॅपवर टाका, दोन मिनिटं लागतात. मग विचारा, रात्री दोनला हवामानाची वॉर्निंग आली तर ती कोण ऐकतं, केबिनपर्यंत कशी पोचते, मुलांना कुठे हलवणार, तालीम पहिल्याच दिवशी घेता का.

अमेरिकन कँप असोसिएशनचं अ‍ॅक्रेडिटेशन (मान्यता) आहे का ते त्यांच्या साइटवर शोधा. ते ऐच्छिक असतं त्यामुळे नसलं म्हणजे कँप वाईट असं नाही, पण असलं तर बाहेरच्या कुणीतरी येऊन तपासणी केलीय एवढं कळतं. स्टेटचं लायसन्स ही वेगळी गोष्ट, तेही विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक मोठा माणूस आणि एक मूल असे दोघेच बंद जागी कधीच नसतील हा नियम आहे का, स्टाफचं बॅकग्राउंड चेक दरवर्षी होतं का. चर्चचे लोक आहेत म्हणून हे विचारायला संकोच करू नका, चांगली चर्च स्वतःच या बाबतीत फार कडक असतात. घरी मुलीलाही सांगा की 'हे आईबाबांना सांगू नकोस' असं कुणीही म्हणालं, मग तो पास्टर असला तरी, तर तेच आधी सांगायचं.

जाता जाता पैशाचं. दोघंही नोकरी करत असाल आणि मूल १३ च्या आतलं असेल तर डे कँपची फी टॅक्समधल्या चाइल्ड केअर क्रेडिटमध्ये धरता येते, ओव्हरनाइट कँपची येत नाही. बऱ्याच कँपमध्ये कँपरशिप म्हणजे फीत सवलत असते, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

प्रेषक: एक आई

मंडळी, मनापासून आभार, सगळ्यांचे मेल प्रिंट काढून डायनिंग टेबलवर ठेवलेत.

आज दुपारी डायरेक्टरबाईंशी बोलले. मी आधी चाचरतच होते पण त्यांनीच विचारलं की तुमच्या घरी कुठली श्रद्धा आहे. शेवटच्या रात्री आवाहन असतं, हो म्हणाल्या, पण बसून राहणारी मुलं दरवर्षी असतात आणि त्यांच्याबरोबर एक काउन्सेलर मुद्दाम बसलेली असते. बाप्तिस्मा कँपवर देत नाहीत, ते ईमेलवर लिहून पण पाठवलं, सासूबाईंना रात्री वाचून दाखवते. केबिन टेकडीवर आहेत, तळं खाली आहे, आणि रात्री एक माणूस जागा असतो. फोनबद्दल मात्र त्या ठाम होत्या, मुलीने मागितला तरी लगेच लावून देणार नाहीत, आधी काउन्सेलर बोलणार, मग नर्स, मग त्या स्वतः मला फोन करणार. ते मला अजून पचलेलं नाही, त्यावर आज नवऱ्याशी बोलायचंय.

एप्रिलमध्ये त्यांचं ओपन हाउस आहे, आम्ही तिघं जाऊन केबिन आणि तळं बघून येणार आणि मगच डिपॉझिट भरणार. जागा गेली तर गेली. काका, मिस्सेचा प्रश्न नाही, कँप कॅथलिक नाहीये, पण प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे की नाही हे लेकीने मला विचारलंय, तुम्ही रविवारी मंडळात भेटाल तेव्हा तिच्याशी बोलाल का?