तोमेईचा टोल २११५ पर्यंत : ही फसवणूक की व्यवहार?

योकोहामाकर (धागाकर्ता)

टोकियो आणि नागोयाला जोडणारा तोमेई एक्सप्रेसवे १९६९ च्या मे महिन्यात पूर्ण झाला. लांबी साधारण ३४७ किमी. आयची प्रांतात कोमाकीला तो मेइशिन एक्सप्रेसवेला मिळतो आणि तिथून क्योतो, ओसाका करत थेट कोबेच्या उंबऱ्यापर्यंत, निशिनोमियाला जाता येतं. जपानचा निम्मा धंदा याच पट्ट्यात चालतो म्हटलं तरी फार चुकणार नाही.

हे रस्ते बांधताना लोकांना सांगितलेली गोष्ट सोपी होती. सरकारकडे पैसा नाही, कर्ज काढून बांधतो, कर्ज फिटेपर्यंत टोल द्या, मग रस्ता सगळ्यांना मोकळा. पैसा खरंच नव्हता. मेइशिन आणि तोमेई दोन्हींसाठी जागतिक बँकेपुढे हात पसरावे लागले होते. ती कर्जं जपानने १९९० पर्यंत फेडूनही टाकली.

आणि टोल? २००५ मध्ये जुन्या महामंडळाचे तुकडे करून कंपन्या केल्या, सुमारे ४० लाख कोटी येनचं कर्ज एका वेगळ्या सरकारी संस्थेच्या गळ्यात बांधलं आणि २०५० पर्यंत सगळं फिटेल असं जाहीर केलं. २०१४ मध्ये कायदा बदलून २०६५ केलं. २०२३ मध्ये परत बदलला, आता २११५!

टोकियोहून नागोयाला एकेरी सात हजार येनच्या वर जातात. ते द्यायला माझी ना नाही. पण नव्वद वर्षांनंतर फुकट होईल असं सांगणं ही शुद्ध धूळफेक आहे. टोल कायमचा आहे असं छातीठोकपणे सांगा, म्हणजे तो किती असावा यावर तरी नीट भांडता येईल.

---

खडीवाला

असहमत. धागाकर्ते रस्त्याकडे एकदाच विकत घ्यायच्या वस्तूसारखं बघताहेत. (पुलांच्या कामात आयुष्य गेलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.)

तोमेईवरून दिवसरात्र लोड ट्रक धावतात. पन्नास वर्षांनी पुलावरचा काँक्रीटचा स्लॅब खालून तडकतो, पाणी आत शिरतं, लोखंड गंजतं. मग वरून डांबर कितीही ओता, काही उपयोग नाही. अख्खा स्लॅब कापून, क्रेनने उचलून, कारखान्यात घडवलेला नवा बसवावा लागतो, तोही एका बाजूची वाहतूक चालू ठेवून. हे जवळजवळ नवीन बांधकामच आहे आणि फुकट होत नाही.

२०१४ ची मुदतवाढ कशामुळे आली ते धाग्यात नाही. २ डिसेंबर २०१२ ला चुओ एक्सप्रेसवेवरच्या सासागो बोगद्यात छताचे काँक्रीटचे पत्रे खाली धावणाऱ्या गाड्यांवर कोसळले आणि ९ माणसं गेली. कर्ज फेडायच्या हिशेबात म्हाताऱ्या होत चाललेल्या रस्त्याच्या मोठ्या कामांना पुरेशी जागाच ठेवली नव्हती, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. सोसायटीचं गृहकर्ज फिटलं म्हणून कोणी मेंटेनन्स बंद करत नाही.

---

पैपैचा_हिशेब

खडीवाले, मेंटेनन्सचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. माझ्या मेंटेनन्समधून शेजारच्या सोसायटीची लिफ्ट बसवलेली मला चालणार नाही.

१९७२ पासून तिथे सगळ्या एक्सप्रेसवेंचा गल्ला एकत्र आहे. आधी प्रत्येक रस्त्याचा हिशेब वेगळा होता, मेइशिनचा मेइशिनला, तोमेईचा तोमेईला. एकत्र केल्यावर तोमेईचा पैसा जिथे दिवसभरात मोजक्या गाड्या जातात अशा डोंगरातल्या रस्त्यांनाही जाऊ लागला. हिशेब वेगळा राहिला असता, तर वाहतूक पाहता हे दोन रस्ते कधीच मोकळे झाले असते असं माझं मत आहे. रस्ते कुठे न्यायचे हे कोण ठरवत होतं? खासदार. बिल कोणी भरलं? शिझुओकातून मासळी आणि चहा घेऊन जाणाऱ्या ट्रकने.

---

निशिकासाई

@पैपैचा_हिशेब, मग होक्काइदो आणि शिकोकूच्या माणसाने काय पाप केलंय? टोकियोत विकला जाणारा कांदा-बटाटा त्यांच्या रस्त्याने येतो. गल्ला एकत्र नसता तर रस्ते फक्त टोकियो-नागोया-ओसाका याच पट्ट्यात झाले असते. शहरं आधीच खेडी गिळताहेत, अजून किती?

फुकट करून बघायचा प्रयोगही झालाय, तोही बघा. २००९ मध्ये पंतप्रधान आसो यांच्या सरकारने ईटीसीवाल्या (आपल्या फास्टॅगसारखी, न थांबता टोल कापणारी यंत्रणा) खासगी गाड्यांना सुट्टीच्या दिवशी कमाल १००० येन केलं. परिणाम, अख्खा देश एकाच दिवशी बाहेर पडला. रांगाच रांगा. शिकोकूजवळच्या सेतो समुद्रातल्या फेरीबोटवाल्यांचा धंदा बसला तो वेगळाच. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्ष "एक्सप्रेसवे मोफत" म्हणत सत्तेवर आला. २०१० च्या जूनमध्ये काही रस्त्यांवर प्रयोग सुरू झाला, पण गर्दीच्या भीतीने तोमेईला हातच लावला नाही. पुढच्या मार्चमध्ये भूकंप-त्सुनामी झाली, पैसा तिकडे वळवावा लागला आणि जूनमध्ये प्रयोग गुंडाळला. त्यानंतर कोणत्याच मोठ्या पक्षाने मोफतचं नाव तितक्या जोरात घेतलेलं नाही.

---

योकोहामाकर

निशिकासाई ताई, मोफत करा असं मी कुठे म्हणालोय? परत वाचा. मी म्हणतोय खोटी तारीख देऊ नका.

---

रातराणी

टोलचा खरा तमाशा बघायचा असेल तर रात्री टोकियोच्या नाक्यावर जा. मध्यरात्री १२ ते ४ या वेळात गाडी एक्सप्रेसवेवर असेल तर ईटीसीवर ३० टक्के सूट मिळते. एक मिनिट असली तरी अख्ख्या प्रवासावर सूट. त्यामुळे नागोयाकडून आलेले ट्रक बारा वाजायच्या आत पोचले की नाक्याच्या अलीकडे कडेला थांबून राहतात. इंजिन चालू, डोळ्यांवर झापड, आणि मागून सुसाट गाड्या. बाराचा ठोका पडला की सगळे एकदम सुटतात.

२०२४ च्या एप्रिलपासून ट्रकचालकांच्या जादा कामाला वर्षाला ९६० तासांची मर्यादा आहे. म्हणजे कायदा म्हणतो ड्रायव्हरला कमी राबवा आणि टोल म्हणतो तासभर कडेला बसवा. सूट फक्त ठरलेल्या वेळात कापलेल्या अंतरावर द्यायची, असा बदल ठरलाय, पण तोही पुढे ढकलला गेला. तुमचं २०६५ की २११५ चालू द्या, या माणसाची आजची रात्र कोण बघणार?

---

कोल्हापुरी_ठसका

वाचून बरं वाटलं. आपल्याकडेच टोलवाले मुदती वाढवतात असं वाटायचं :)

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि तिथला टोल २०४५ पर्यंत चालणार असं सांगतात. जपानी माणूस रांगेत उभा राहून निमूट पैसे देतो, आम्ही नाका फोडतो. फरक इतकाच.

---

खडीवाला

ठसकाराव, निमूट वगैरे काही नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये तोमेईसह मध्य जपानच्या बऱ्याच रस्त्यांवर ईटीसी बंद पडलं, जवळपास ३८ तास. आधी गाड्या नाक्यावर अडकल्या, मग फाटकं उघडून "नंतर पैसे भरा" असं सांगून सोडल्या. लोकांनी जो गलका केला, त्यानंतर त्या काळातला टोल माफ करावा लागला. आणि फरक अजून एक आहे. तिथे टोलमध्ये कंपनीचा नफा धरायचा नाही असं तत्त्व आहे. कंपनी त्या सरकारी संस्थेला रस्त्याचं भाडं देते, संस्था त्यातून कर्ज फेडते.

पैपैचा_हिशेब यांना : तोमेईचा पैसा बाहेरच जातो असं नाही, समांतर शिन-तोमेई त्याच गल्ल्यातून उभा राहिला. त्याची गरज काय ते सांगतो. शिझुओकात युईला डोंगर सरळ समुद्रात उतरतो. त्या चिंचोळ्या पट्टीत रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १ आणि तोमेई एकमेकांना खेटून जातात. दरड आली की तिन्ही बंद, आणि पूर्व-पश्चिम जपान तुटला. १९७९ च्या जुलैत तोमेईवरच्याच निहोनझाका बोगद्यात अपघातानंतर आग लागली. ७ जण गेले, १७३ गाड्या जळाल्या. २००९ च्या ऑगस्टमध्ये भूकंपाने माकिनोहाराजवळ रस्त्याची कडाच खचली, ऐन ओबोनच्या (पितरांच्या सणाच्या) सुट्टीत रस्ता बंद राहिला. पर्यायच नव्हता. २०१२ मध्ये शिन-तोमेईचा गोतेम्बाच्या बाजूने १६२ किमीचा तुकडा डोंगरातून उघडला आणि जुन्यावरची कोंडी एकदम उतरली. नव्यावर बऱ्याच भागात ताशी १२० ची मुभा आहे, इतका तो सरळ आणि सपाट आहे.

---

पैपैचा_हिशेब

शिन-तोमेई हवाच होता, त्याला कोण नाही म्हणतंय. पण खडीवाले, हदानो ते गोतेम्बा हा तुकडा अजून कुठाय? बोगद्यात ठिसूळ खडक आणि पाणी लागलं म्हणून तारीख पुढे, परत पुढे. लोक तिथेही वाटच बघताहेत.

---

खडीवाला

खडक तारखेला विचारून फुटत नाही हो.

२११५ बद्दल एक दुरुस्ती. ती कमाल मर्यादा आहे. २०२३ च्या कायद्याप्रमाणे दुरुस्तीचं मोठं काम काढलं की त्याचा खर्च ठरवून मंजूर करून घ्यायचा आणि ते कर्ज ५० वर्षांच्या आत फेडायचं. सरळ नव्वद वर्षं टोल लावा असा कोरा चेक कोणी दिलेला नाही.

---

योकोहामाकर

म्हणजे दर दहा-पंधरा वर्षांनी नवी यादी, त्यापुढे नवी ५० वर्षं, आणि २११५ जवळ आलं की कायद्यात अजून एक बदल. मग "कर्ज फिटल्यावर मोफत" हे वाक्य कायद्यात ठेवायचं कशाला? ते काढा, दरवर्षी कुठल्या रस्त्याचा किती पैसा कुठे गेला ते नाक्यावर पाटी लावून सांगा आणि रातराणी म्हणतात ती सवलतीची भानगड आधी मिटवा. सात हजार काय, साडेसात देईन.

---

रातराणी

साडेसात तुम्ही द्याल, तुमची गाडी महिन्यातून एकदा जाते. ट्रकवाल्याची रोज जाते, आणि जड गाडीचा दरही तुमच्याहून चढा आहे. दर वाढवायच्या गप्पा मारताना त्याला धरून बोला.