फ्लॅप म्हणजे नुसते ब्रेक नव्हेत

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे बाहेर निघणारे हलते भाग. 'फ्लॅप म्हणजे विमानाचे ब्रेक' असं कुणी म्हणतं, ते अर्धंच खरं. मग उड्डाणाच्या वेळीही ते थोडे बाहेर का काढतात? पंखाचा बाक वाढून कमी वेगातही विमान उचललं जावं म्हणून.

पंखाच्या पुढच्या कडेला बाहेर सरकणारे स्लॅटही कमी वेगात विमान उचलून धरायला मदत करतात, पण त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. १९७९ साली शिकागोला डीसी-१० या तीन इंजिनांच्या प्रवासी विमानाचं डावं इंजिन उड्डाण घेतानाच तुटून पडलं, जाताना हायड्रॉलिक नळ्याही तोडून गेलं. डावीकडचे बाहेरचे स्लॅट हवेच्या दाबाने आपसूक आत गेले. त्यांना जागेवर धरून ठेवणारी यांत्रिक खिटीच नव्हती. त्या पंखाला आता किमान १५९ नॉट (ताशी सागरी मैल) वेग हवा होता, आणि वैमानिकांनी नियमानुसार तो १५३ वर आणलेला. सहा नॉट कमी! डावा पंख स्टॉल झाला, म्हणजे त्याची उचलून धरण्याची ताकद गेली, आणि विमान कलंडलं. उरलेली दोन्ही इंजिनं धडधाकट होती.